पन्नाशीनंतरही मैदानात : काझुयोशी मिउरा याची चार दशकांची कारकीर्द

१२ मार्च २०१७ रोजी योकोहामाच्या मित्सुझावा मैदानावर जपानच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधला सामना रंगला होता. ४०व्या मिनिटाला गोलजाळ्यासमोर मोकळा सुटलेला चेंडू योकोहामा एफसीच्या ११ नंबरच्या आघाडीवीराने जाळ्यात धाडला. सामन्यातला तो एकमेव गोल ठरला. गोल करणाऱ्या काझुयोशी मिउराचे वय त्या दिवशी होते ५० वर्षे १४ दिवस. व्यावसायिक लीगमध्ये इतक्या वयाच्या खेळाडूने गोल केल्याची नोंद तोवर नव्हती. त्याच्या आदल्याच आठवड्यात त्याने आणखी एक जुना विक्रम मोडला होता. इंग्लंडचे सर स्टॅन्ली मॅथ्यूज १९६५ साली ५० वर्षे ५ दिवसांचे असताना लीगचा सामना खेळले होते. मिउरा ५० वर्षे ७ दिवसांचा असताना खेळला.

विक्रमांचे आकडे लक्षात राहतात, पण मिउराच्या कारकिर्दीतले खरे आश्चर्य त्यांच्या पलीकडे आहे. एखाद्याने खेळ सोडून दिला असता असा आघात त्याला ३१व्या वर्षी सोसावा लागला. त्या आघाताच्या आधी तो व्यावसायिक म्हणून १२ वर्षे खेळला होता आणि त्यानंतर २५ वर्षांहून अधिक काळ खेळला.

मिउराचा जन्म २६ फेब्रुवारी १९६७ रोजी शिझुओका येथे झाला. त्याच्या लहानपणी जपानमध्ये व्यावसायिक फुटबॉल नव्हता. मुंबईत जसे टाटा, महिंद्र, मफतलाल यांचे संघ असत, तसेच तिथे निस्सान, मित्सुबिशी, फुरुकावा इलेक्ट्रिक अशा कंपन्यांचे संघ आपसात खेळत. खेळाडू कंपनीचे नोकरदार असत. यासुहिको ओकुदेराने १९७७ मध्ये जर्मनीच्या कोलोन क्लबमध्ये जागा मिळवली होती, पण तो अपवाद होता. अशा देशातल्या १५ वर्षांच्या मिउराने १९८२ मध्ये शाळा अर्धवट सोडली आणि तो एकटाच ब्राझीलला गेला.

साओ पावलोच्या ज्युव्हेंटस क्लबच्या युवा संघात त्याने सुरुवात केली. भाषा येत नव्हती आणि जपानी पोराला फुटबॉल काय कळणार, असे तिथे सगळेच धरून चालले होते. हार मानून परतायच्या विचारात असतानाची एक आठवण त्याने पुढे सांगितली आहे. रिओच्या एका बागेत मुले खेळत होती. कुणाच्या पायात बूट नव्हते, चेंडू जुना होता आणि एका मुलाला तर एकच पाय होता. तरी सगळी जीव तोडून, आनंदाने खेळत होती. आपल्याकडे बूट आहेत, चांगला चेंडू आहे, दोन पाय आहेत, मग तक्रार कसली, असे त्याला वाटले आणि तो राहिला. १९८६ मध्ये पेलेच्या सांतोस क्लबशी त्याचा पहिला व्यावसायिक करार झाला. मात्र तिथे पाय रोवता आले नाहीत. पुढची तीन-चार वर्षे तो मात्सुबारा, सीआरबी, किंझे दे जाऊ, कोरितिबा अशा क्लबांतून फिरला आणि १९९० मध्ये पुन्हा सांतोसकडून खेळला. डाव्या बगलेवरून धावताना चेंडूवरून पाय फिरवत बचावपटूला चकवण्याची कला त्याने या भटकंतीत कमावली.

१९९० मध्ये तो मायदेशी परतला, तेव्हा जपानी फुटबॉल कात टाकत होता. १५ मे १९९३ रोजी टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर जे-लीगचा पहिला सामना झाला. त्या लीगमध्ये दहा क्लब होते. मिउराचा वेर्दी कावासाकी पहिल्याच हंगामात विजेता ठरला आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिउराला मिळाला. गोलनंतरचा सांबाच्या लयीतला त्याचा ‘काझू डान्स’ शाळकरी मुलांनीही उचलला. त्याआधी १९९२ मध्ये जपानने पहिल्यांदा आशिया चषक जिंकला, तेव्हाही स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच होता. ‘किंग काझू’ हे नाव त्याला याच काळात चिकटले.

राहिला होता तो विश्वचषक. २८ ऑक्टोबर १९९३ रोजी दोहा येथे इराकविरुद्ध पात्रता फेरीचा शेवटचा सामना होता. पाचव्याच मिनिटाला मिउराने गोल केला. भरपाई वेळ सुरू झाली तेव्हा जपान २-१ असा पुढे होता. तेवढ्यात इराकच्या कॉर्नरवरून बरोबरीचा गोल झाला आणि अमेरिकेतल्या विश्वचषकाचे दार बंद झाले. ‘दोहाची शोकांतिका’ म्हणून जपानमध्ये तो सामना आजही ओळखला जातो.

पुढच्या वर्षी मिउरा इटलीच्या जेनोआ क्लबकडे गेला. सेरी आमध्ये खेळणारा तो पहिला जपानी. जपानी प्रायोजकांच्या पैशासाठी त्याला घेतले, अशी टीका झाली. सलामीच्याच सामन्यात एसी मिलानच्या फ्रँको बारेसीशी टक्कर होऊन त्याचे नाक मोडले. २१ सामन्यांत त्याचा गोल एकच, पण तो सांपदोरियाविरुद्धच्या शहरी डर्बीतला. आकड्यांच्या हिशेबात हा हंगाम अपयशीच ठरतो. तरीही चारच वर्षांनी हिदेतोशी नाकाता पेरुजियात आला आणि पुढे रोमासोबत इटालियन लीग जिंकला. ती वाट मिउराने आधी चालून दाखवली होती.

जपानला परतल्यावर १९९६ मध्ये २३ गोलांसह तो जे-लीगमध्ये अव्वल ठरला. १९९७ च्या पात्रता फेरीत उझबेकिस्तानविरुद्ध त्याने एकट्याने चार गोल केले. जपान अखेर विश्वचषकाला पात्र ठरला आणि संघ युरोपात दाखल झाला. जून १९९८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सराव शिबिरात प्रशिक्षक ताकेशी ओकादा यांनी अंतिम २२ जणांची नावे जाहीर केली. त्यात मिउरा नव्हता. जपान फ्रान्समधले तिन्ही सामने हरला आणि मिउरा एकही विश्वचषक सामना न खेळता राहिला. देशाकडून ८९ सामन्यांत ५५ गोल करणाऱ्या खेळाडूच्या वाट्याला हे आले.

यानंतर तो थांबला नाही. क्रोएशियात झाग्रेबकडून, मग क्योतो आणि कोबेकडून तो खेळला. २००५ मध्ये योकोहामा एफसीत आल्यावर त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या सिडनी एफसीचा पाहुणा खेळाडू म्हणून क्लब विश्वचषकात उतरला. २०१२ मध्ये ४५व्या वर्षी तो जपानच्या फुटसाल संघातून त्या खेळाच्या विश्वचषकात खेळला. २०२० मध्ये ५३व्या वर्षी जपानच्या अव्वल श्रेणीतला सर्वांत वयस्क खेळाडू ठरला.

हे साधले कसे? तर शरीराला सुट्टी न देता. हंगाम संपला, की तो ग्वाममधल्या उष्ण हवेत स्वतःच्या खर्चाने पुढच्या हंगामाची तयारी सुरू करी. आहार, वजन, झोप सगळे मोजूनमापून. ११ या जर्सी क्रमांकाशी त्याचे नाते असे, की योकोहामा एफसीने त्याच्या नव्या कराराची घोषणा अनेकदा ११ जानेवारीला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी केली. पन्नाशीनंतर त्याला मैदानावर मिनिटे थोडीच मिळत, अनेक सामने तो राखीव बाकावरच असे. तरीही सरावाला तो कोवळ्या खेळाडूंच्या बरोबरीने धावे.

२०२२ मध्ये तो सुझुका क्लबकडे गेला, तिथे त्याचा थोरला भाऊ यासुतोशी प्रशिक्षक होता. एप्रिल २०२३ मध्ये ५६व्या वर्षी पोर्तुगालच्या दुसऱ्या श्रेणीत ओलिव्हेरेन्सेकडून तो मैदानात उतरला. २०२४ मध्ये तो पुन्हा सुझुकात परतला.

दरम्यान जपानचा १९९८ पासून एकही विश्वचषक चुकलेला नाही. दहा क्लबांची लीग २०२४ पर्यंत तीन श्रेणींत मिळून ६० क्लबांची झाली. २०२२ मध्ये कतारमध्येच जपानने जर्मनी आणि स्पेनला हरवले. त्या संघातले बहुतेक खेळाडू युरोपातल्या क्लबांतले होते आणि प्रशिक्षक हाजिमे मोरियासू हे १९९३ मध्ये दोहाच्या त्या सामन्यात मिउराच्या बरोबरीने खेळले होते. आज जपानी मुलाला व्यावसायिक फुटबॉलपटू होण्यासाठी शाळा सोडून परदेशी जावे लागत नाही. ज्या पिढीने हे घडवले, तिचा सर्वांत ठळक चेहरा मिउरा आहे. त्याला विश्वचषक मिळाला नाही, पण त्याच्यामागून आलेल्यांना तो मिळाला, आणि एका खेळाडूच्या आयुष्याचे याहून मोठे माप मला तरी माहीत नाही.