केडगावचे मुक्ती सदन

पुण्याहून दौंडकडे जाताना लागणारे केडगाव हे रेल्वेच्या नकाशावरचे लहानसे स्टेशन. तिथे पंडिता रमाबाईंनी उभे केलेले मुक्ती मिशन सव्वाशे वर्षांनंतरही चालू आहे. नवरा गेलेल्या, घराने टाकलेल्या, अंध, अनाथ अशा किती बायका-मुली त्या आवारात राहिल्या, शिकल्या आणि पुढे गेल्या! मराठीत या संस्थेचा विषय निघाला की बोलणे धर्मांतरापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मला आधी भुकेबद्दल बोलायचे आहे, कारण केडगावची सगळी घडण भुकेतून झालेली आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले, तिने लेकीला शिकवले. पुराण सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात ते होत्याचे नव्हते झाले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. या दिवसांबद्दल रमाबाईंनी पुढे फार खरे लिहिले. शास्त्र मुखोद्गत होते, पण पोट भरण्याचे एकही कसब हातात नव्हते, आणि भीक मागणे किंवा मोलमजुरी करणे कमीपणाचे वाटत होते. विद्या असूनही माणसे उपाशी मरतात हे त्यांनी आपल्या घरात पाहिले. केडगावात पुढे चाललेले विणकाम, शेती, छपाई यांचे मूळ मला या अनुभवात दिसते.

मधली वर्षे सर्वांना ठाऊक आहेत. कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ही बिरुदे, भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न, मुलगी मनोरमा, आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने गेलेला नवरा. तेविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या. त्याच वर्षी पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ साली इंग्लंडमध्ये, वाँटेज इथे, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तिथून अमेरिकेला जाऊन पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली, आणि बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनकडून दहा वर्षांच्या मदतीचे वचन मिळवले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले. पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. हीच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. तिची बहीण पार्वतीबाई आठवले कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी आयुष्यभर राबली. हिंगण्याचा इतिहास सांगताना चौपाटीवरच्या त्या घराचे ऋण मोकळ्या मनाने मानायला हवे.

सदन पुण्यात आले आणि १८९३ साली वादळ उठले. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, ख्रिस्ती धर्माकडे वळतात, असा आरोप झाला. ‘केसरी’ने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या बोलीवर ही शाळा निघाली होती, त्यामुळे पालकांचा राग मला कळतो. पण घरी नेलेल्या त्या मुलींचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या वादात फारच थोड्यांनी विचारला. पुन्हा केशवपन, पुन्हा एकवेळचे जेवण आणि स्वयंपाकघरातला अंधार बहुतेकींच्या वाट्याला आला असणार.

अमेरिकेची मदत दहा वर्षांनी थांबणार हे रमाबाईंना माहीत होते. संस्थेने स्वतःच्या उत्पन्नावर उभे राहावे म्हणून त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. कल्पना फळबागेची होती. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि बागेसाठी घेतलेल्या त्या जमिनीवर माणसे आली.

रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळी छावण्या त्यांनी पाहिल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि त्यांच्याभोवती घिरट्या घालणारे दलाल पाहिले. उपाशी पोरीला भाकरीच्या तुकड्यावर कुंटणखान्यात नेणे सोपे होते. सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. शहरात इतक्या जणींना ठेवू देईनात. म्हणून माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. १८९८ साली तिथे मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांचे रोजचे जेवण, पाणी, कपडे, आजारपण, तेही ओसाड माळावर! विहिरी खणल्या. धान्याच्या राशी, दळण, चुली, सगळे बायकांच्या हातात. आलेल्यांपैकी कित्येकींना अंगावर चिंधीही नव्हती, खरूज आणि हगवण होती, भुकेने स्वभाव हिंस्र झाले होते. त्यांना न्हाऊ घालणे, पथ्याने खाऊ घालणे, रात्री उशाशी बसणे हे काम कोणी करायचे? रमाबाईंनी ते शारदा सदनात शिकलेल्या तरुण विधवांवर सोपवले. ज्यांना घराने अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसवले होते, त्यांच्या ओटीत एकेक गट मुली घातल्या. विधवेला लेकरे मिळाली, लेकरांना आई. संस्थेच्या साऱ्या रचनेत मला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. इथे मदत घेणारी बाई काही महिन्यांत मदत देणारी होत होती.

पुढे शाखा वाढल्या. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवले. १९१२ साली निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला शाळा काढली, तिचा भारही त्यांनीच घेतला. केडगावात हातमाग चालले, तेलाचे घाणे चालले, शेती, दूध, शिवण चालले. सकाळी अक्षरे आणि दुपारी काम, असे दोन्ही.

छापखान्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून बायबल मराठीत आणू लागल्या. असलेल्या भाषांतरातली संस्कृतप्रचुर मराठी त्यांच्या खेड्यातल्या बायकांना कळत नव्हती, म्हणून साध्या बोलीत. संस्कृतात शास्त्रार्थ करणाऱ्या पंडितेने अडाणी बायकांसाठी हे कष्ट वर्षानुवर्षे उपसले. खिळे जुळवणे, यंत्र चालवणे, पाने शिवणे ही कामे मुक्तीतल्या बायका करत. ज्यांनी दुष्काळात नाव लिहायलाही न येता फाटक ओलांडले होते, त्या आता पुस्तक छापत होत्या. १९२१च्या जुलैत मनोरमा गेली. एकुलत्या लेकीच्या दुःखातही रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली निघाले.

धर्माचा प्रश्न मी टाळत नाही. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते, आजही आहे. भुकेल्या मुलीला आधार देणारा हात आणि धर्म सांगणारे तोंड एकाच माणसाचे असले की तिची निवड कितपत मोकळी, हे विचारलेच पाहिजे. पण विचारणाऱ्याने हेही सांगावे की त्या छावण्यांतून त्या पोरींना उचलायला त्या दिवशी आणखी किती जण गेले होते.

काळाबरोबर पद्धत बदलली. मोठ्या दालनांऐवजी मुक्तीत आता लहान लहान घरे आहेत, त्यांना फुलांची नावे आहेत, आणि प्रत्येक घराला सांभाळणारी आई आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्यानेही संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. आफ्रिकेत हाच धडा फार मोल देऊन शिकला गेला. युगांडा, मलावी, झांबियात एड्सने मधली पिढी नेली. मागे राहिल्या आज्या, विधवा आणि नातवंडे. नवरा मेला की जमीन आणि भांडीकुंडी दिरांनी उचलून न्यायची, असे तिथेही खेडोपाडी घडले. सुरुवातीला अनाथाश्रम बांधण्याकडे ओढा होता. मग अनेक चर्चनी मुलाला त्याच्या गावात, आजीजवळ ठेवून बियाणे, शेळ्या, शाळेची फी पुरवण्याची वाट धरली.

तेलंगणातल्या आमच्या वांकिडीकडे हे सारे फार लांबचे वाटत नाही. आदिलाबाद आणि पलीकडचे चंद्रपूर-यवतमाळ हा सगळा कापसाचा मुलूख. कर्ज, बोंडअळी आणि लहरी पाऊस यांत शेतकऱ्याने जीव दिला की मागे बाई आणि लेकरे राहतात. जमीन ठेक्याने केलेली असेल किंवा पट्टा सासऱ्याच्या नावाने असेल, तर रैतू बीमा या सरकारी शेतकरी विम्याचे पैसेही तिच्या दारी येत नाहीत, कारण तो विमा पासबुकावर नाव असलेल्याचाच. सरकारी विधवा पेन्शनवर मीठ-तेल भागते. मुलांना सरकारी गुरुकुलात जागा मिळते, तिथे ती शिकतातही चांगली. आई मात्र दिराच्या पडवीत एकटी उरते. केडगावात विधवा आणि अनाथ यांचा विचार एकत्र झाला होता, इथे तो वेगवेगळ्या कचेऱ्यांत होतो.

यासाठी नवा आश्रम बांधायला नको. गावोगावी बायकांचे बचतगट आहेत. त्यांनी अशा बाईला पहिल्या महिन्यातच गटात घ्यावे, शिलाईचे यंत्र किंवा दुभते जनावर यांच्या कर्जात तिचा नंबर आधी लावावा. आणि पट्ट्यावर नाव चढवण्याचा अर्ज घेऊन ती मंडल कचेरीत जाईल तेव्हा, हा फेरा आधी पूर्ण केलेली गटातली एखादी विधवा तिच्याबरोबर जावी.