झुंडीची सत्ता: रझाकार चळवळीचा धडा

एखाद्या समूहाला इतरांवर राज्य करण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे असे मानणारी, त्या हक्कासाठी गणवेशातील स्वयंसेवक दले उभारणारी आणि विरोधकाला प्रतिस्पर्धी न मानता शत्रू ठरवणारी राजकीय चळवळ, ही फॅसिझमची ढोबळ ओळख होय. अशा चळवळी सत्ता कशी मिळवतात, टिकवतात आणि गमावतात याचा अभ्यास सहसा इटली आणि जर्मनीपासून सुरू होतो. परंतु १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेला हिंगोली जिल्हाही त्याच प्रक्रियेचा साक्षीदार आहे.

हैदराबाद हे लोकशाही राज्य नव्हते, त्यामुळे रझाकारांना काटेकोर अर्थाने फॅसिस्ट म्हणावे की नाही, हा वादाचा विषय आहे. त्यांच्या कार्यपद्धतीतील साम्य मात्र ठळक दिसते. १९२७ साली स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेने 'अनल मलिक', म्हणजे संस्थानातील प्रत्येक मुसलमान हा सत्तेचा धनी आहे, हा सिद्धान्त पुढे आणला, आणि बहुसंख्य प्रजा हिंदू असलेल्या राज्यात लोकनियुक्त सरकारची मागणी म्हणजे आपल्या अस्तित्वावरचा घाला, अशी भीती अनुयायांच्या मनात रुजवली. लातूरचे वकील कासिम रझवी १९४६ साली संघटनेचे अध्यक्ष झाल्यावर रझाकार या तिच्या स्वयंसेवक दलाला उघड लष्करी वळण लागले.

तरीही केवळ स्वयंसेवकांच्या बळावर सत्ता हाती येत नाही. कायदेशीर सत्ताधाऱ्याने माघार घ्यावी लागते. १९२१ च्या निवडणुकीत पाचशेहून अधिक सदस्यांच्या इटालियन संसदेत फॅसिस्टांना अवघ्या ३५ जागा मिळाल्या होत्या. पण ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी रोमवर चाल केली तेव्हा राजाने लष्करी कायद्याच्या हुकमावर सही करण्याचे नाकारले आणि मुसोलिनीला पंतप्रधान केले. बरोबर पंचवीस वर्षांनी, २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे, भारत सरकारशी 'जैसे थे करार' करण्यासाठी दिल्लीला निघालेल्या शिष्टमंडळाची हैदराबादेतील घरे इत्तेहादच्या जमावाने वेढली. निजामाने जमावाला आवरण्याऐवजी शिष्टमंडळच बदलले, पंतप्रधान छतारीचे नवाब पायउतार झाले आणि रझवींना अनुकूल असलेले मीर लायक अली त्यांच्या जागी आले. पुढे करारावर सही झाली, पण संस्थानात हुकूम कोणाचा चालतो, हे त्या पहाटेच ठरून गेले होते.

अशी सत्ता टिकते ती दहशत आणि सरकारी यंत्रणेची डोळेझाक यांच्या संगनमतावर. गावोगाव लूट आणि जाळपोळ होत असताना पोलीस बघे राहिले किंवा रझाकारांच्या बरोबरीने उतरले, त्यामुळे पीडिताला दाद मागायला जागाच उरली नाही. स्वधर्मीय विरोधकाचीही गय झाली नाही: भारतात विलीन होण्याची बाजू मांडणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. मुसोलिनीच्या इटलीत १९२४ साली संसद सदस्य मात्तेओत्ती यांच्या वाट्याला हेच आले होते.

या सत्तेला तडा गेला तो लोकांनी सहकार्य काढून घेतल्यामुळे. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या लढ्यात शिंदीची झाडे तोडली गेली, करोडगिरी म्हणजे जकातीचे नाके मोडले गेले, वकिलांनी न्यायालये सोडली, आणि वऱ्हाडच्या हद्दीतील उमरखेडसारख्या ठिकाणच्या छावण्यांतून सशस्त्र प्रतिकारही उभा राहिला. वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले. वसमतचे बहिर्जी स्मारक महाविद्यालय त्यांच्याच नावाचे आहे. अखेरचा निर्णय मात्र भारतीय सैन्याच्या १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या कारवाईने झाला, कारण ज्या राज्यात मतपेटी नसते किंवा निरुपयोगी केलेली असते, तिथे अशी सत्ता सहसा शांततेने पायउतार होत नाही.

या इतिहासाचे एक पान क्वचितच उघडले जाते. रझाकारांच्या पाडावानंतर संस्थानाच्या अनेक भागांत निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने कारवाईच्या काळातील आणि त्यानंतरच्या मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला, आणि तिचा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. रझाकारांची हुकमत संपली, तरी संपूर्ण समूहाला दोषी धरण्याची त्यांची रीत विजेत्यांच्या बाजूनेही काही काळ वापरली गेली, असाच याचा अर्थ होतो.

म्हणून दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करताना हुतात्म्यांच्या स्मरणाबरोबर एक कसोटीही लक्षात ठेवली पाहिजे: कोणत्याही धर्माचा वा पक्षाचा जमाव कायदा हातात घेतो, तेव्हा पोलीस, न्यायालय आणि निवडून आलेले सरकार त्याला त्याच दिवशी अडवते की नाही, यावरच लोकशाहीचे भवितव्य ठरते.