उसाच्या पावतीवरचे चौदा दिवस

संगणकाच्या पडद्यावर उलटी मोजणी दाखवणे म्हणजे एकच वजाबाकी पुन:पुन्हा करणे : मुदत संपण्याची वेळ वजा आत्ताची वेळ. वजाबाकी पोरासोरांनाही येते. अवघड असते ते तिच्यातल्या दोन्ही संख्या कुठून घ्यायच्या, हे ठरवणे. अहिल्यानगर जिल्ह्यात या प्रश्नाचे चांगले उदाहरण साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मिळते.

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याने १९५०-५१च्या हंगामात गाळप सुरू केले. पुढे कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, अकोले अशा तालुक्यांत कारखाने झाले. या सर्वांना केंद्राचा १९६६चा ऊस (नियंत्रण) आदेश लागू आहे. वेगळा लेखी करार नसेल, तर ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत उत्पादकाला पैसे द्यायचे. उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के दराने व्याज. एक लाख रुपये थकले तर हे व्याज दिवसाला सुमारे ४१ रुपये होते.

ही मुदत नोंदवहीऐवजी डेटाबेसच्या फॉर्मवर दाखवायची झाली, तर प्रत्येक पावतीची एक नोंद असते : पावती क्रमांक, उत्पादकाचा संकेतांक, गट, निव्वळ वजन आणि वजनाची वेळ. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या प्रणालीत फॉर्मलाच टायमर जोडता येतो. त्याचा अवधी मिलिसेकंदांत द्यावा लागतो. १००० लिहिले की दर सेकंदाला ठरवून दिलेला कार्यक्रम चालतो. नवशिका प्रोग्रामर इथे १४ दिवसांचे सेकंद, म्हणजे १२,०९,६००, एका चलात ठेवतो आणि प्रत्येक ठोक्याला त्यातून एक वजा करतो. दहा मिनिटांच्या चाचणीत हे बरोबरच दिसते. पण फॉर्म बंद झाला किंवा वीज गेली की मोजणी थांबते, मुदत मात्र थांबत नाही. शिवाय विंडोज टायमरच्या संदेशाला इतर कामांपेक्षा कमी प्राधान्य देते. मोठा अहवाल तयार होत असताना काही ठोके हुकतात आणि घड्याळ मागे पडत जाते.

म्हणून साठवायची ती फक्त घटनेची वेळ. उरलेला काळ कधीच साठवायचा नाही. ॲक्सेस तारीख-वेळ एका दशांश संख्येच्या रूपात ठेवते. ३० डिसेंबर १८९९ची मध्यरात्र म्हणजे शून्य, एक पूर्ण दिवस म्हणजे १ आणि दुपारचे बारा म्हणजे ०.५. त्यामुळे पोहोचल्याच्या तारखेत १४ मिळवले की मुदतीची तारीख मिळते. टायमरचे काम मग पडद्यावरचा आकडा ताजा करण्यापुरते उरते. चार ठोके हुकले तरी पाचव्याला उत्तर बरोबरच येते.

एका फॉर्मवर अनेक पावत्या एकाखाली एक दाखवल्या की आणखी एक खाचखळगा लागतो. कोणत्याही स्तंभाशी न जोडलेल्या चौकटीत प्रोग्रामने आकडा भरला, तर तोच आकडा सगळ्या ओळींत उमटतो, कारण ती चौकट मुळात एकच असते. उपाय असा की वजाबाकी क्वेरीतल्या गणित-स्तंभात करायची. तिथे प्रत्येक ओळीला तिची स्वत:ची तारीख मिळते. दर सेकंदाला सगळी क्वेरी नव्याने चालवणे हाही अतिउत्साहच. तसे केले की यादी पहिल्या ओळीवर उडी मारते आणि कारकुनाने अर्धवट वाचलेली नोंद हातातून निसटते. चौदा दिवसांच्या मुदतीला धावते सेकंद हवेतच कशाला? तासातून एकदा आकडा बदलला तरी पुष्कळ झाले.

‘आत्ताची वेळ’ कोणाची, हा प्रश्न त्याहून गंभीर आहे. संगणकातले घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालते. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, पण तापमानाप्रमाणे त्याची गती किंचित बदलते. दशलक्षात २० भागांची चूक म्हणजे दिवसाला जवळपास पावणेदोन सेकंद. हे चालून जाईल. बॅटरी उतरल्याने तारीखच काही वर्षे मागे गेलेला काट्यावरचा संगणक मात्र चालणार नाही. त्यामुळे वेळ मुख्य सर्व्हरची घ्यावी आणि त्या सर्व्हरने ती नेटवर्कवरून भारतीय प्रमाणवेळेशी जुळवावी.

दिवस मोजण्यातही गोम आहे. १८९७च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानुसार ‘अमुक तारखेपासून’ म्हटले की ती तारीख मोजणीतून वगळली जाते. १ डिसेंबरला आलेल्या उसाची मुदत १५ डिसेंबरला संपते. पण रात्री १२ वाजून १० मिनिटांनी काट्यावर चढलेली ट्रॉली कोणत्या तारखेची? कारखान्याच्या दृष्टीने रात्रपाळी चालूच असते. कॅलेंडरने तारीख बदललेली असते. बिले पंधरवड्याची एकत्र निघत असतील, तर घोटाळा आणखी वाढतो. पंधरवड्याच्या पहिल्या दिवशी आलेल्या उसाचे चौदा दिवस पंधरवडा संपेपर्यंत भरलेले असतात. मुदत पावतीची असते, बिलाची नव्हे, आणि फॉर्मनेही ती तशीच धरली पाहिजे.

१४ हा आकडा प्रोग्रामच्या ओळीत कोरून ठेवण्यातला धोका महाराष्ट्राने पाहिला आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये राज्य सरकारने एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली. मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. नियमांचा वेगळा तक्ता असावा आणि त्यात प्रत्येक नियम कधीपासून कधीपर्यंत लागू, हेही लिहिलेले असावे. मग जुन्या हंगामाची पावती जुन्या नियमाने आणि नवी पावती नव्या नियमाने मोजता येते.

शून्य आल्यावर घड्याळ थांबवणे ही तर सरळ चूक ठरेल. पैसे जमा झाल्याची नोंद होईपर्यंत मोजणी उणे दिवसांत चालू राहिली पाहिजे, कारण व्याजाचा हिशेब तिथूनच सुरू होतो. अर्धी रक्कम मिळाली असेल, तर पुढचे व्याज उरलेल्या रकमेवरच.

या व्यवहारात दुसरे एक घड्याळ उसाच्या पोटातच असते. तोड झाली की इन्व्हर्टेज हे विकर साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन करू लागते, कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात आणि पाणी उडून वजनही घटते. जळालेल्या उसात हे आणखी झपाट्याने होते. एकीकडे शेतकऱ्याचे टन कमी होतात, दुसरीकडे कारखान्याचा उतारा. तरीही तोडीची वेळ नोंदवणारा रकाना नसेल, तर कोणताही फॉर्म हा काळ दाखवू शकत नाही. तो काट्यापासूनच मोजत राहतो.

थकलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद याच आदेशात आहे. पुण्याच्या साखर आयुक्तांनी काढलेले वसुली प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तिथे किती दिवसांचे व्याज, हा वाद उद्भवला तर पडद्यावरचा आकडा नव्हे, मूळ नोंद पाहिली जाते. म्हणून ऊस उत्पादकांनी काट्याची पावती हाती येताच तिच्यावरची तारीख आणि वेळ तपासून घ्यावी, आणि हंगामाचा सगळा हिशेब मिटेपर्यंत ती जपून ठेवावी.