आभासी यंत्राची डिस्क वाढविताना

आपल्या अनेक पेढ्यांचे जमाखर्च आता संगणकावर असून, पुष्कळ ठिकाणी ते एका मोठ्या संगणकाच्या पोटात चालणाऱ्या आभासी यंत्रावर ठेविलेले असतात. अशा यंत्राची डिस्क म्हणजे बहुधा मूळ संगणकावरील एक फाइलच होय. ती भरली की ऐन वर्षअखेरीस नव्या नोंदी अडतात. मग ५० जीबीची फाइल १०० जीबीची केली, तरी आतील यंत्र जागा अपुरी असल्याचेच सांगते. असे का व्हावे, हे आम्ही येथे थोडक्यात सांगू इच्छितो.

वखारीचा दाखला घ्यावा. शेजारची जमीन विकत घेतल्याने कोठार मोठे होत नाही. त्याची भिंत पुढे सरकवावी लागते, आणि नव्या जागेत मांडण्या लावून त्यांची वहीत नोंद करावी लागते. येथे जमीन म्हणजे डिस्कची फाइल, भिंत म्हणजे पार्टिशन व मांडण्या-वही म्हणजे फाइल सिस्टिम. वाढ याच क्रमाने करावी. क्यूईएमयूच्या डिस्कची फाइल यंत्र बंद ठेवून ‘क्यूईएमयू-आयएमजी’च्या ‘रिसाइझ’ या आज्ञेने वाढते. नंतर लिनक्समध्ये ‘ग्रोपार्ट’ने पार्टिशन, व ईएक्सटी-४ असल्यास ‘रिसाइझ-टू-एफएस’ने फाइल सिस्टिम वाढवावी. जागा कमी करावयाची असल्यास क्रम नेमका उलटा. अन्यथा आतील माल भिंतीबाहेर पडून नष्ट होतो.

विंडोजमध्ये ‘सी’च्या लगतच रिकव्हरी पार्टिशन असल्यास मोकळी जागा त्याच्या पलीकडे राहते व ‘सी’ वाढत नाही. तो अडथळा जाणकाराकडूनच दूर करवावा.

दोन गोष्टी विसरू नयेत. गरजेप्रमाणे वाढणारी फाइल १०० जीबीची दिसली, तरी मूळ संगणकावर तेवढी जागा प्रत्यक्ष शिल्लक आहे की नाही, हे पाहावे. भांडवलाबाहेर हुंड्या लिहिणारी पेढी कधी ना कधी अडचणीत येतेच. दुसरे, आरंभी संपूर्ण फाइलची प्रत निराळ्या डिस्कवर घ्यावी. स्नॅपशॉट त्याच संगणकावर राहिल्यास मूळ डिस्क बिघडताच तोही जातो, म्हणून त्याला प्रत समजू नये.

शेवटी एक विनंती. परिग्रह-परिमाणाचे व्रत आपणांस नवे नाही. वाढविण्यापूर्वी निरुपयोगी फाइली काढून पाहाव्या. कित्येकदा तेवढ्यानेच काम भागते.