रावी रुसली, लाहोर उरलं

लाहोर म्हटलं की आपल्याला वाघा बॉर्डरची परेड, गद्दाफी स्टेडियम आणि हिवाळ्यातल्या धुक्या-धुराच्या बातम्या आठवतात. पण हे शहर नदीनं घडवलंय. आणि त्याची सगळ्यात मोठी गोष्ट नदी दूर जाण्याची आहे.

फोनवर मॅप उघडा आणि अमृतसर शोधा. आता बोट थोडं पश्चिमेला सरकवा. पन्नासेक किलोमीटरवर लाहोर लागतं. पुण्याहून लोणावळा याच्यापेक्षा लांब आहे! मधे सीमा नसती तर अमृतसरचा एखादा विद्यार्थी सकाळच्या ट्रेनने लाहोरला कॉलेजला जाऊन संध्याकाळी घरी परतला असता. १९४७ पर्यंत लोक तसं जातही होते.

‘ज्यानं लाहोर पाहिलं नाही तो जन्मलाच नाही’ असं पंजाबीत म्हणतात. आपल्यातल्या बहुतेकांना हे शहर बघायला मिळणं आज तरी कठीण आहे. मग निदान नकाशावर आणि इतिहासात तरी एक चक्कर मारूया. आणि या फेरीत मराठी माणसांच्या खुणाही भेटतील, अगदी ठळक.

दोन नद्यांच्या मधलं शहर

पंजाब म्हणजे पाच नद्यांचा प्रदेश, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण तिथली माणसं नद्यांइतकाच नद्यांच्या मधल्या जमिनीचा विचार करतात. दोन नद्यांमधला पट्टा म्हणजे दोआब. बियास आणि रावी यांच्यामधला तो ‘बारी’ दोआब, रावी आणि चिनाब यांच्यामधला तो ‘रेचना’ दोआब. नद्यांच्या नावांचे तुकडे जोडून केलेली ही नावं मुघल काळातली आहेत. आज आपण दोन हिरोंची नावं जोडून हॅशटॅग करतो, तसाच प्रकार.

अमृतसर आणि लाहोर दोन्ही बारी दोआबात आहेत. म्हणजे भूगोलाच्या हिशोबाने ही एकाच अंगणातली दोन घरं. लाहोर रावीच्या डाव्या काठावर वसलं. ही रावी हिमाचलच्या डोंगरांतून निघते, सुमारे ७२० किलोमीटर वाहते आणि चिनाबला मिळते. ऋग्वेदात तिचं नाव परुष्णी आहे, नंतरच्या संस्कृतात इरावती.

काबूलकडून दिल्लीकडे येणारी वाट याच मैदानातून जायची. त्यामुळे जो कुणी वायव्येकडून आला, तो लाहोरला थांबला. अकराव्या शतकात महमूद गझनीच्या घराण्याने इथे बस्तान बसवलं. दिल्लीचा पहिला सुलतान म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या कुतुबुद्दीन ऐबकचा १२०६ मध्ये राज्याभिषेक झाला तो लाहोरलाच. चार वर्षांनी चौगान, म्हणजे पोलोसारखा खेळ खेळताना घोड्यावरून पडून तो गेला, तेही इथेच. १२४१ मध्ये मंगोलांनी शहर लुटून उद्ध्वस्त केलं. मोक्याच्या जागेचा फायदा आणि तोटा, दोन्ही लाहोरच्या वाट्याला आले.

तेरा दरवाजे

लाहोरचं खरं रूप बदललं ते अकबराने. १५८५ ते १५९८ अशी तेरा वर्षं त्याची राजधानी इथे होती. त्याने विटांचा किल्ला बांधला आणि शहराभोवती तट उभारला. त्या तटाला तेरा दरवाजे असल्याचं सांगतात. त्यातले सहा आजही उभे आहेत, बाकीच्यांची फक्त नावं उरलीत.

पण नावंही काय बोलतात बघा. दिल्ली दरवाजा दिल्लीच्या दिशेला, काश्मिरी दरवाजा काश्मीरच्या. टकसाली दरवाजा म्हणजे टांकसाळीजवळचा. मोरी दरवाजा सगळ्यात लहान, शहरातला केरकचरा बाहेर नेण्यासाठी तो वापरत असं सांगतात. मराठी माणसाला ‘मोरी’चा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आणि एक खिजरी दरवाजा. ख्वाजा खिज्र हे पाण्याचे रक्षक मानले जातात. त्यांचं नाव या दरवाजाला मिळालं, कारण तेव्हा रावी तटाला लागून वाहत होती. पुढे महाराजा रणजितसिंगांनी इथे सिंह पाळले आणि लोक त्याला शेरांवाला दरवाजा म्हणू लागले. पाण्याचं नाव पुसलं गेलं, कारण तोवर पाणीच तिथून गेलं होतं.

नदीने कूस बदलली

सपाट मैदानातली नदी एका जागी थांबत नाही. गाळ साठतो, काठ कापला जातो, पात्र सरकतं. सतराव्या शतकात रावी लाहोरचा काठ खायला लागली होती. औरंगजेबाच्या काळात, १६६२ च्या सुमाराला, शहर वाचवण्यासाठी मोठा बांध घालावा लागला. त्यानंतर नदी हळूहळू उलट्या दिशेला सरकली आणि शहरापासून दूर गेली. तिचं जुनं पात्र ‘बुढा रावी’, म्हणजे म्हातारी रावी म्हणून मागे राहिलं.

किल्ल्याच्या उत्तर आणि पश्चिम बाजूला सुमारे साडेचारशे मीटर लांबीची चित्रभिंत आहे. हत्तींच्या झुंजी, चौगानचे खेळ, पऱ्या, सगळं रंगीत तुकड्यांत. त्या काळी उत्तरेकडून बघणाऱ्याला खाली नदी आणि वर ही भिंत दिसत असेल. आज त्या बाजूला रस्ते आणि बागा आहेत. पलीकडच्या काठावर शाहदरा इथे जहांगीर आणि नूरजहान यांच्या कबरी आहेत, तिथे जायला आता पूल ओलांडावा लागतो.

आपल्या ओळखीचं लाहोर

‘अटकेपार झेंडे लावले’ हे आपण कुणी साधी एमपीएससीची प्रिलिम क्लिअर केली तरी म्हणतो. हा वाक्प्रचार जिथून आला, ती वाट लाहोरमधून जाते. एप्रिल १७५८ मध्ये राघोबादादा आणि मल्हारराव होळकर यांच्या फौजा लाहोरात शिरल्या. सोबत पंजाबचा मुरब्बी सरदार अदीना बेग होता आणि शिखांची पथकंही. अहमदशाह अब्दालीचा मुलगा तैमूरशाह रावी ओलांडून पळाला. तिथून मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत गेल्या. पण हा ताबा दीडेक वर्षच टिकला. अब्दाली परत आला आणि १७६१ च्या जानेवारीत पानिपत झालं. वाक्प्रचारात झेंडा राहिला, पुढचं आपण फारसं बोलत नाही.

दुसरी खूण सुरांची. ५ मे १९०१ ला कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. संस्थानिकांच्या आश्रयाने नाही, तर लोकांच्या पैशावर चालणारी गाण्याची शाळा, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत शाळा काढली. आज गावोगावी मुलं गांधर्वच्या परीक्षा देतात, त्या परंपरेचं मूळ रावीकाठी आहे.

तिसरी खूण जास्त जवळची. शिवराम हरी राजगुरू, गाव खेड, जिल्हा पुणे. ३० ऑक्टोबर १९२८ ला लाहोर स्टेशनजवळ सायमन कमिशनविरोधी मोर्चावर लाठीमार झाला. त्यात जखमी झालेले लाला लजपतराय १७ नोव्हेंबरला गेले. बरोबर एक महिन्याने, १७ डिसेंबरला, राजगुरू आणि भगतसिंग यांनी पोलीस कचेरीसमोर साँडर्सवर गोळ्या झाडल्या. त्यांना मारायचा होता स्कॉट नावाचा अधिकारी, बाहेर आला साँडर्स. मग ते डीएव्ही कॉलेजच्या आवारातून निसटले. राजगुरूंना पुढे पुण्यात पकडलं आणि खटल्यासाठी लाहोरला नेलं.

२३ मार्च १९३१ ला लाहोरच्या सेंट्रल जेलमध्ये भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांना फाशी झाली. भगतसिंग आणि सुखदेव २३ वर्षांचे होते. राजगुरू २२ चे. मी हा लेख लिहितेय तेव्हा माझं वयही तेवढंच आहे. पुस्तकातल्या फोटोंमुळे ही माणसं आपल्याला कायम मोठी वाटतात. ती आपल्या बॅचची होती.

तो जेल आता नाही. त्या जागेवर शादमान चौक आहे. त्याला भगतसिंगांचं नाव द्यावं म्हणून लाहोरमधलेच काही नागरिक वर्षानुवर्षं कोर्टात भांडतायत. सीमेपलीकडे कुणीतरी आपल्या राजगुरूच्या मित्रासाठी तारखा मोजतंय, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे.

एकच काठ, दोन स्वप्नं

३१ डिसेंबर १९२९. रावीच्या काठावर काँग्रेसचं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. कडाक्याच्या थंडीत मध्यरात्री तिरंगा फडकवला गेला आणि पूर्ण स्वराज्याची मागणी झाली.

मार्च १९४० मध्ये त्याच शहरात, किल्ल्याजवळच्या मिंटो पार्कवर मुस्लिम लीगचं अधिवेशन भरलं आणि लाहोर ठराव मांडला गेला. पुढे त्यालाच पाकिस्तान ठराव म्हणू लागले. आज तिथे मिनार-ए-पाकिस्तान आहे. भारताचं स्वातंत्र्य आणि पाकिस्तानची मागणी, दोन्ही घोषणा एकाच शहरात, अकरा वर्षांच्याही आत!

मग १९४७. लाहोरमध्ये मुस्लीम बहुसंख्य होते, पण व्यापार, बँका आणि शिक्षणसंस्था यांत हिंदू-शिखांचा वाटा मोठा होता. त्यामुळे शहर कुणाकडे जाणार, यावर शेवटपर्यंत पैजा लागत होत्या. सीमारेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. तोवर शाह आलमी दरवाजाजवळची वस्ती जळून गेली होती आणि लाखो लोक रस्त्यावर होते.

लाहोर गेल्यामुळे भारतीय पंजाबला राजधानीच उरली नाही. म्हणून चंदीगड बांधावं लागलं. १८८१ मध्ये लाहोरला सुरू झालेलं ‘ट्रिब्यून’ आज चंदीगडहून निघतं. सर गंगाराम हॉस्पिटल दिल्लीतही आहे आणि लाहोरमध्येही. आणि मुंबई सोडून १९४८ मध्ये लाहोरला गेलेला सआदत हसन मंटो तिथे बसून मुंबईच्याच आठवणी लिहीत राहिला.

पाण्याची वाटणी

जमीन वाटली, नद्या राहिल्या होत्या. १९ सप्टेंबर १९६० ला सिंधू जल करार झाला. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला आणि रावी, बियास, सतलज भारताला. रावीवर आपल्याकडे धरणं झाली, पंजाबच्या शेतीला पाणी मिळालं. लाहोरजवळची रावी मात्र वर्षातले बरेच महिने अगदी बारीक धार होऊन राहिली. त्यात शहराचे नाले सोडलेले. २०२२ मध्ये यॉर्क विद्यापीठाच्या टीमने जगभरातल्या २५८ नद्यांमधल्या औषधांच्या अंशांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लाहोरची रावी सगळ्यात प्रदूषित निघाली.

गंमत बघा, किंवा गंमत नव्हेच. २०२३ च्या जनगणनेत लाहोरची लोकसंख्या १ कोटी ३० लाखांवर गेली. हे नदीकाठचं शहर पिण्यासाठी मात्र जमिनीखालचं पाणी उपसतं आणि ती पातळी खाली चाललीय. नदी वाहती असती तर तिचंच पाणी जमिनीत मुरलं असतं.

रिकामं पात्र दिसलं की बिल्डरला प्लॉट दिसतो. २०२० मध्ये रावीकाठी नवं शहर उभारण्याची योजना आली. शेतकरी कोर्टात गेले. जानेवारी २०२२ मध्ये लाहोर हायकोर्टाने ती बेकायदा ठरवली, पण त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने काही भागापुरतं काम चालू ठेवायची मुभा दिली. ‘रिव्हरफ्रंट’ हा शब्द आपल्याकडेही किती ओळखीचा आहे, ते सांगायला नको.

आणि मग ऑगस्ट २०२५ मध्ये रावी परत आली. १९८८ नंतरचा सगळ्यात मोठा पूर. तिच्या जुन्या जागेवर बांधलेल्या हाउसिंग सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं आणि लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. नदी घुसली असं सगळे म्हणत होते. नकाशा बघितला तर आधी घुसलं कोण होतं, ते कळतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहलगाम हल्ल्यानंतर भारताने सिंधू करार स्थगित ठेवला होता. म्हणजे पाण्याचा प्रश्न पुन्हा उघडलाय. पुढची काही वर्षं त्यावर डिबेट होतील, रील्स होतील, परीक्षेत प्रश्नही येतील. तेव्हा ‘त्यांचं पाणी’ आणि ‘आपलं पाणी’ एवढ्यावर न थांबता हा सगळा नकाशा डोळ्यांपुढे असला, तर आपण थोडं शहाण्यासारखं बोलू शकू.

मॅपवर शोधून बघा

• लाहोर किल्ला आणि बादशाही मशीद : सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि इथून आजच्या रावीपर्यंतचं अंतर मोजा. नदी किती सरकली, ते दिसेल.
• रणजितसिंगांची समाधी : मशिदीच्या अगदी शेजारी. १७९९ मध्ये त्यांनी लाहोर घेतलं आणि १८३९ पर्यंत इथून राज्य केलं.
• ब्रॅडलॉ हॉल : भगतसिंग आणि सुखदेव शिकले ते नॅशनल कॉलेज इथे भरायचं.
• लाहोर म्युझियम : समोर झमझमा तोफ. म्युझियमचे क्युरेटर जॉन लॉकवुड किपलिंग आधी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. त्यांचा मुंबईत जन्मलेला मुलगा रुडयार्ड लाहोरमध्येच पत्रकार झाला.
• शादमान चौक : इथे थोडा वेळ थांबा. खेडच्या राजगुरूंचा प्रवास इथे संपला.