भट्टीतले दोन तास

हाताचा घाम, पहाटेचे दव आणि समुद्रावरचा खारा वारा हे बंदुकीच्या पोलादाचे जुने वैरी. शिकारीहून परतल्यावर नळी न पुसता तशीच ठेवली, तर घामातल्या मिठाने पोलादावर बोटांचे तांबूस ठसे उमटतात. गंज एकदा आत शिरला की घासून काढला तरी त्याचे खड्डे राहतात.

या गंजाला थोपवण्याचा सर्वांत देखणा उपाय म्हणजे ब्लूइंग. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात पोलाद बुडवले की त्यावर मॅग्नेटाइटचा निळसर काळा थर चढतो. पण हा थर अतिशय पातळ असतो आणि त्यावर तेलाचा हात सतत फिरवावा लागतो. पुढे फॉस्फेटचा खरखरीत, तेल धरून ठेवणारा थर आला. 1915 मध्ये डेट्रॉइटला स्थापन झालेल्या पार्कर कंपनीवरून त्याला पार्करायझिंग म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी रायफलींचा करडा रंग हा त्याचाच.

आज अमेरिकेत हौशी मंडळी घरच्या घरी करतात तो प्रकार तिसरा, म्हणजे फवारून भट्टीत भाजायचा लेप. ऑरेगॉन राज्यातल्या कंपनीचा सेराकोट आणि त्याच्या जोडीला गन-कोट ही त्यातली परिचित नावे. आयोवातले ब्राउनेल्स हे 1939 पासूनचे दुकान बंदूक दुरुस्त करणाऱ्यांना असा सगळा माल पुरवते.

हा लेप साध्या रंगासारखा नुसता वाळत नाही. उष्णतेने त्यातल्या रेझिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांची घट्ट जाळी विणली जाते. उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही, तसा पक्का भाजलेला लेप पुन्हा पातळ होत नाही. सेराकोटच्या एच मालिकेला 121 अंश सेल्सिअसवर दोन तास किंवा 149 अंशांवर एक तास लागतो. गन-कोटला सुमारे 163 अंशांवर तासभर. थराची जाडी 25 मायक्रॉनपर्यंतच ठेवायची असते. सरकणाऱ्या भागांमध्ये त्याहून जाड थराला जागाच नसते, म्हणून खिडक्यांच्या ग्रिलला चालणारे जाडसर पावडर कोटिंग इथे उपयोगाचे नाही.

काम बिघडते ते बहुतेक वेळा भट्टीत जाण्याआधीच. सर्वप्रथम बंदूक रिकामी आहे याची खात्री करायची आणि काडतुसे कामाच्या खोलीबाहेरच ठेवायची. मग बंदूक सुटी करून प्रत्येक भाग अ‍ॅसिटोनमध्ये धुवायचा. त्यानंतर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांनी ब्लास्टिंग करून लेपाला पकड मिळेल असा खरबरीतपणा आणायचा. साधी वाळू यासाठी वापरू नये; तिच्या धुळीने सिलिकोसिस होतो.

त्यानंतर येते कोरी भाजणी, आणि घाईतला माणूस नेमकी तीच टाळतो. धुतलेला भाग लेप न लावता तासभर तापवला, की आट्यांमधून, पिनांच्या भोकांमधून आणि सांध्यांच्या फटींतून जुने तेल पाझरू लागते. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या पोलादावर चकचकीत ओघळ येतात. ते पुसायचे, भाग पुन्हा धुवायचा आणि पुन्हा तापवायचा. तेल यायचे थांबले की मगच फवारणी. एरवी तेच तेल लेपाखालून वर येते आणि महिन्याभरात पापुद्रा सुटतो.

भाजताना घड्याळ केव्हा लावायचे, हा खरा प्रश्न. ओव्हनची तबकडी हवेचे तापमान सांगते, पोलादाचे नाही. पातळ पत्र्याचा भाग लवकर तापतो, जाड रिसीव्हर, म्हणजे बंदुकीचा मधला सांगाडा, मागे रेंगाळतो. म्हणून तापमापकाचा टोकदार प्रोब सर्वांत जाड भागाला टेकवतात आणि धातू 121 अंशांवर पोहोचल्यावर दोन तास मोजायला सुरुवात करतात. भाग तारेने टांगलेले असावेत; जाळीवर ठेवले तर टेकल्या जागी डाग पडतो.

रायफलीची 60 सेंटीमीटरची नळी स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये मावत नाही. म्हणून बरेच जण पत्र्याची उभी पेटी करून तिच्यात विजेचे हीटर आणि तापमान नियंत्रक बसवतात. ज्या ओव्हनमध्ये एकदा लेप भाजला, त्यात पुन्हा अन्न शिजवायचे नाही. गॅसची ज्योत असलेला ओव्हन तर मुळीच नको, कारण लेपातल्या द्रावकाची वाफ पेट घेते. फवारणी मोकळ्या हवेशीर जागेत आणि सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क लावूनच करावी. दुर्बीण, प्लास्टिकचे भाग आणि स्प्रिंगा या भाजणीतून वगळायच्या.

कायदाही ध्यानात ठेवायला हवा. अमेरिकेत स्वतःच्या बंदुकीवर लेप चढवायला परवाना लागत नाही. इतरांसाठी हा धंदा करायचा तर केंद्र सरकारचा परवाना घ्यावा लागतो. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याने बंदुकीच्या दुरुस्तीचा धंदाही परवान्याच्या कक्षेत आणला आहे. त्यामुळे आपल्याकडच्या बंदूकधारकाने हे काम परवानाधारक कारागिरावरच सोपवावे.

तो कारागीर शेवटी काय पाहतो, हेही जाणून घेण्यासारखे आहे. भाग थंड झाल्यावर तो आतल्या, न दिसणाऱ्या बाजूवर अ‍ॅसिटोनचा फडका घासतो. फडक्यावर रंग उतरला, तर भाजणी अपुरी राहिली किंवा लेप घट्ट करण्यासाठी त्यात मिसळायच्या हार्डनरचे प्रमाण चुकले. फडका कोरा राहिला, की कारागीर जोडणीला बसतो.