रोजच्या चार ओळी

इतिहासाच्या तासाला आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांना एक काम सांगतो : घरातील वडीलधाऱ्यांना 1978 सालाविषयी विचारून या. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळात संमत झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात गावोगावी आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्तारासाठी 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. मुले जे लिहून आणतात त्यात तारीख क्वचितच असते. ‘पाऊस लागून राहिला होता’, ‘थोरली तेव्हा पोटात होती’, अशा खुणांवर सारा काळ टांगलेला असतो. सांगणारेही दरवर्षी कमी होत आहेत. आमच्या वडिलांनी ते दिवस पाहिले. त्यांच्या हातची एक ओळही आमच्यापाशी नाही. सरकारी दप्तर आहे, वर्तमानपत्रांचे जुने अंक आहेत. ज्यांची घरे जळाली त्यांची वही मात्र शोधूनही सापडत नाही.

निरक्षरता हे कारण होतेच. परंतु आपल्या जगण्यात लिहिण्यासारखे काय आहे, हा संकोच त्याहून मोठा होता. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी तो मोडला. किराणा दुकानात बसल्या बसल्या त्या लिहीत आणि घरच्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून वह्या लपवून ठेवीत. कित्येक वर्षे त्या तशाच पडून होत्या. पुढे ‘स्त्री’ मासिकातून ते लेखन क्रमशः आले आणि 1986 साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. याच बेबीताईंनी निंबुरे येथे आश्रमशाळा काढली, हे आपल्या वसतिगृहात वाढलेल्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावे.

आज वही लपविण्याची गरज उरलेली नाही. ती खिशातील फोनमध्येच आहे. गूगल डॉक्समध्ये एक कोरी फाइल उघडावी, तिला चालू वर्षाचे नाव द्यावे आणि रोज निजण्यापूर्वी तारीख घालून चार ओळी लिहाव्यात. टंकलेखन जमत नसेल तर कळफलकावरील माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलावे. अक्षरे आपोआप उमटतात. गावांची व माणसांची नावे मात्र ते यंत्र हमखास चुकविते, ती हाताने दुरुस्त करावीत. फडावर किंवा शेतात रेंज नसेल, तर ऑफलाइनची सोय आधी सुरू करून ठेवावी. आपण होऊन दुसऱ्याला दिल्याखेरीज ही फाइल दुसऱ्याच्या खात्यातून उघडत नाही. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवूनही नोंद ठेवता येते. पण बॅकअप नसताना फोन हरवला की सारे गेले. गूगलचे खातेही सलग दोन वर्षे वापरले नाही तर ती कंपनी ते बंद करू शकते. म्हणून दर डिसेंबरात त्या पानांची छापील प्रत काढून पेटीत ठेवावी. कागदावरचा आमचा विश्वास अजून गेलेला नाही, आणि तो जाऊही नये.

काय लिहावे, असे पालक विचारतात. सुविचार नकोत, ते सकाळपासून फोनवर पुरेसे येतात. कोण भेटले, कोणत्या गावी, कशाला किती पैसे पडले, कोणी काय उत्तर दिले, हे लिहावे. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये 1901 सालच्या बालपणीच्या प्रवासातील स्टेशन, बैलगाडी आणि न मिळालेले पाणी नोंदविले. त्या साध्या तपशिलांनीच ती थोडकी पाने जिवंत राहिली आहेत.

गेल्या हंगामात एका माजी विद्यार्थिनीने आपली पहिली नोंद आम्हांला दाखविली. आई सोयाबीन काढायला गेली होती, ठरल्यापेक्षा मजुरी कमी दिली, आई मालकाशी भांडून आली, इतकेच. किती कमी दिली ते लिहायचे राहिले होते. आम्ही तिला तिथूनच आईला फोन लावायला सांगितला आणि तो आकडा त्या ओळीत घालून घेतला.